लांबचे आधी, हर्णैचे मागून

बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, वय, मुंबईतला पत्ता आणि उतरायचं बंदर लिहून घ्यायचं. त्याच्या तीन प्रती करायच्या. एक बोटीवर, एक बंदर कचेरीत, एक आपल्या फाईलला. भाऊच्या धक्क्यावर गेली बावीस वर्षं मी हेच करतो आहे. यात सांगण्यासारखं काय असणार, असं घरच्यांना वाटतं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे.

ज्यांचा कोकणाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पावसाळा संपला की आमच्या बोटी सुरू होतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. लालबाग-परळच्या चाळींत खोलीआड एक बिऱ्हाड कोकणातलं. त्यांना लग्नाला, जत्रेला, बाळंतपणाला आणि मयताला आमचीच बोट. ती हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असं करत खाली वेंगुर्ल्यापर्यंत जाते. बहुतेक ठिकाणी किनाऱ्याला लागत नाही, खोल पाण्यात उभी राहते. मग किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या येतात आणि माणसं ट्रंकांसकट त्यांत उतरतात. पाणी उसळत असेल तर उतरणं हे धाडसाचं काम.

खिडकीशी सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. दादरचे एक निवृत्त शिक्षक दर मोसमात विचारायचे, "मला बोट लागते हो. जिथपर्यंत लागत नाही तिथपर्यंतचं तिकीट मिळेल का?" मी सांगायचो, "मग इथेच बाकावर बसा." ते खरंच बसायचे. बोट सुटेपर्यंत बघायचे आणि घरी जायचे.

यादीच्या बाबतीत मी कडक आहे असं धक्क्यावर म्हणतात. त्याला कारण आहे. मी नोकरीत नवा असताना एका खाडीत एक लाँच उलटली. यादी माझीच होती. तिकीट एका चुलतभावाच्या नावाचं आणि गेला दुसराच, असं तिच्यावर झालं होतं. परळच्या एका बाईने यादीत मुलाचं नाव वाचलं आणि घरी जाऊन सुतक धरलं. आठव्या दिवशी मुलगा दारात उभा राहिला. काळाचौकीतल्या दुसऱ्या घरात मात्र आठ दिवस सगळे निर्धास्त होते, कारण त्यांच्या मुलाचं नाव यादीत नव्हतं. त्या मुलाचे वडील माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "तुमच्या कागदावर तो नाही. मग तो कुठे आहे ते सांगा." त्या दिवसापासून मी ठरवलं, की कागदावर जो असेल तोच बोटीवर असेल. तिकिटांची अदलाबदल मी चालू दिली नाही. सख्ख्या भावांचीसुद्धा नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली ती थंडी अजून पुष्कळांच्या आठवणीत असेल. बातमीच्या दुसऱ्या सकाळी मी गिरगावातून पहाटेच निघालो होतो म्हणून धक्क्यावर पोचलो. दोन बोटी सुटायच्या होत्या, एक रत्नागिरीपर्यंतची जवळची आणि दुसरी वेंगुर्ल्याची लांबची. दोन्हींचे उतारू पहाटेपासून धक्क्यावरच्या पत्र्याच्या छपरीत येऊन बसले होते. नऊच्या सुमाराला शहरात गोळीबार झाल्याचं कळलं. मग हमाल गेले. मग पोलिसांनी फाटक लावलं. रत्नागिरीची बोट धक्क्याला आलीच नाही. वेंगुर्ल्याची 'मंदाकिनी' आली होती, तिला बाहेर काढून खोल पाण्यात नांगरायला लावलं. बंदर बंद, असा कागद फाटकावर लागला. बाहेर संचारबंदी. आत दोन बोटींची माणसं, दोन नळ आणि मी.

मला व्यवस्था लावायला आवडते, तशी मी लावली. बायका एका बाजूला, लहान मुलांच्या आया जवळच्या नळाशी, स्टोव्ह पेटवायचे ते फक्त समुद्राकडच्या टोकाला. पाण्यासाठी रांगेचे क्रमांक. दुसऱ्या दिवशी घरचे डबे संपले, तेव्हा गावाला नेण्यासाठी बांधलेला खाऊ सुटायला लागला. लालबागेतून घेतलेले चिवडे, खारका, पेढे. ज्याने पुतण्यासाठी पेढे घेतले होते तो माणूस ते तिऱ्हाइताच्या मुलाला भरवत होता.

माझं बिऱ्हाड गिरगावात. तिकडेच गोळीबार झाल्याचं पोलीस सांगत होते. तिथून काही निरोप येण्याची सोय नव्हती. म्हणून मी याद्या करत राहिलो.

बंद बंदरात माणसं बोलणार कशाबद्दल? बोटींबद्दल. समोर 'मंदाकिनी' उभी, तिच्याकडे बघत दिवसभर तेच. मालवणच्या आवडाबाई म्हणून एक म्हातारी होती, साठीच्या पुढची. तिचं मत असं, की आताच्या बोटींत काही दम नाही.

"आमच्या येळची बोट निसती हाक मारी तर मालवणात भांडी हालत," ती म्हणाली.

"भांडी तुझ्या सुनेन आपटली असतील," वेंगुर्ल्याचे दाजी म्हणाले. हे दाजी परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. मेव्हण्याला घेऊन भाच्याच्या मुलाच्या बारशाला निघाले होते. त्यांच्या ट्रंकेला लाकडी चिमण्यांचं चिमणाळं बांधलेलं होतं, पाळण्यावर टांगायचं.

"तुका काय कळता बोटीतला? तू चढतंस आणि ओकतंस."

"ओकतंय, पण दर्यात. तुझ्यासारखो लोकांच्या पायार नाय."

अशा वेळी हसू यायचं, आणि फाटकाबाहेरून शिट्ट्या ऐकू आल्या की सगळे एकदम गप्प व्हायचे.

या बोलण्यात एक आवाज जमिनीवरून यायचा. गोविंद चोगले, हर्णैचा. लालबागला राहायचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. छातीचा रोग. इस्पितळात चार महिने काढले होते आणि शेवटी डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता घरी न्या. तिने घर म्हणजे लालबागची खोली असं धरलं. त्याने घर म्हणजे हर्णै असं धरलं. गोधडीवर भिंतीला टेकून तो पडलेला असायचा. वय माझ्या यादीत बेचाळीस, दिसायला साठीचा. त्याचा बाप गलबतावरचा तांडेल, म्हणून बोटींबद्दल बोललेलं त्याला सहन होत नसे.

"बोट म्हंजे काय," तो म्हणाला, "पाण्यावरची चाळ. जिना हाय, नळ हाय, भांडणं हायत. जहाज म्हणायचं ते शिडाच्याला."

"मग शिडातूनच जायचा होता," दाजी म्हणाले.

"बाप असता तर गेलो असतो."

त्याची बायको सुभद्राबाई कमी बोलायची. लालबागला पंधरा जणांची खानावळ चालवायची, त्यामुळे हाताला सवय; छपरीतल्या निम्म्या बायकांचा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली चालला होता. दुसऱ्या संध्याकाळी तिने मला चहा आणून दिला आणि विचारलं, "मास्तर, बंदर उघडल्यावर हर्णैला किती तास?"

"सकाळी सुटली तर दुपारपर्यंत."

"म्हंजे एक दिवस धरायचा." तिने नवऱ्याकडे बघितलं. "तेवढा एक दिवस निघंल. त्यांनी सांगितलंय मला, समुद्राकडच्या पडवीत ठेव म्हणून. पडवी झाडायला सांगितली आहे पत्रातून."

तिसऱ्या सकाळी बंदर कचेरीतून पोलिसांच्या गाडीने चिठ्ठी आली. 'मंदाकिनी' धक्क्याला घ्यायची, मावतील तेवढे उतारू चढवायचे आणि सोडायची. दुसऱ्या बोटीचं उद्या-परवा बघू. यादी तासाभरात द्या. क्रम धक्क्यावरच्या कारकुनाने ठरवावा.

क्रम ठरवण्याची आमची एक जुनी रीत होती. बंदर बंद राहून गर्दी साचली, की लांबचे आधी. वेंगुर्ल्याच्या, मालवणच्या माणसाला बोटीवाचून गती नाही. हर्णै-दाभोळवाला वेळ पडली तर पनवेल, महाड, खेड असा गाड्या बदलत जाऊ शकतो. रीत चुकीची नव्हती. मी वेंगुर्ल्यापासून लिहीत वर आलो. मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड. जयगडला बोटीची मर्यादा भरली. दाभोळ आणि हर्णै मिळून बत्तीस माणसं उरली.

हे लिहिणं सोपं नाही, पण यादी करताना मला गोविंद चोगले आठवला होता. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी पेन थांबवलंही. मग मनात आलं, एकाला सवलत दिली की छपरीत प्रत्येकाकडे काहीतरी आहे. कुणाची बाळंतीण, कुणाची पोटुशी, कुणाचा ताप. गाडीवाला हवालदार खिडकीशी उभा राहून घाई करत होता. आणि बाई तर काही मागायला आली नव्हती. मी पेन पुढे चालवलं. तीन प्रती झाल्या. एक गाडीतून कचेरीत गेली, एक बोटीवर गेली.

नावं वाचून दाखवली तेव्हा छपरीत गलका झाला नाही. तीन दिवसांत माणसं थकली होती आणि माझ्या व्यवस्थेवर त्यांचा विश्वास बसला होता. दाजी तेवढे उठून माझ्याकडे आले.

"मास्तरांनू, आमच्या दोन जागा त्येंका देवा," त्यांनी गोविंदकडे मान केली. "आमी दोघे मागसून येतंव. आमका घाई नाय."

"तसं करता येत नाही."

"कित्याक? दोन गेले, दोन इले. बोटीक वजन तेवढाच."

"वजनाचा प्रश्न नाही, दाजी. नावं कचेरीत गेली. वाटेत काही झालं तर कागदावर तुम्ही आणि पाण्यात ते."

"काय होवचा नाय."

"हे सगळेच म्हणतात."

"मगे नावां बदला."

"बदलायला कचेरीची सही लागते. कचेरी बॅलार्ड पिअरला. मधे संचारबंदी."

दाजी गोविंदकडे वळले. मग गोविंदच म्हणाला, "जाऊ दे रे. उद्याची बोट हाय ना? मास्तर बोलले ना उद्या-परवा?"

मी म्हटलं, "हो."

सुभद्राबाई तिथेच होती. तिने माझ्याशी वाद घातला नाही. नवऱ्याच्या पायावरची गोधडी सारखी केली आणि दाजींना म्हणाली, "तुमी जा, भाऊ. बारसं आहे तुमचं."

बोटीवर चढायची फळी लावली. मी प्रत्येकाचं नाव वाचून, तोंड बघून, खूण करून आत सोडलं. एकही चूक झाली नाही. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. 'मंदाकिनी' सुटली तेव्हा गोविंदने भिंतीला टेकूनच मान वळवून तिच्याकडे बघितलं. "नीट काढली," तो म्हणाला. "मधे जरा ओढत होती, पण नीट काढली."

दुसऱ्या दिवशी बोट आली नाही. शहरात पुन्हा गोळीबार, फाटक पुन्हा बंद. छपरीत आता बत्तीस माणसं होती आणि छपरी इतकी मोठी वाटत होती की आवाज घुमायचा. बोटींबद्दल कुणी बोलेनासं झालं. आवडाबाई गेलेली, दाजी गेलेले. गोविंद मात्र विचारायचा. भरती आहे का? वारा कुठला आहे? मी बंदराच्या फळ्यावर लिहिलेलं वाचून सांगायचो. तो म्हणायचा, "खाडीत आता पडाव सहज जाईल."

मी पोलिसांकडून बंदर कचेरीला दोन निरोप पाठवले. आजारी इसम, तातडी, असं लिहून. उत्तर आलं नाही. डॉक्टरसाठीही सांगितलं. डॉक्टर दुपारी आले, तपासलं, सुई दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथून हलवू नका आता."

त्यानंतरच्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळेला तो गेला. सुभद्राबाई बशीत चहा ओतून फुंकत होती. त्याच्या तोंडाशी बशी नेली आणि तशीच धरून बसली. शेजारच्या दाभोळच्या बाईने ती तिच्या हातातून घेतली तेव्हा मला कळलं.

संचारबंदीत प्रेत न्यायला पास लागतो. फाटकावरचा अंमलदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "पाचच माणसं. नावं लिहून द्या. जाताना पाच, येताना पाच." मी कागद घेतला. दाभोळचे तीन लिहिले, हर्णैचा एक लिहिला. हर्णैच्या आणखी दोघांनी नावं सांगितली. त्यांतलं एक लिहिलं असतं तर पाच झाले असते. मी पाचवं नाव माझं लिहिलं. का, ते विचारू नये.

शिवडीच्या स्मशानापर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रस्त्यावर काचा आणि दगड. एका गल्लीच्या तोंडाशी शिपायांनी अडवलं, कागद बघितला, आम्हाला मोजलं आणि सोडलं. मुखाग्नी हर्णैच्या माणसाने दिला. तो गोविंदच्या गावचा होता, एवढंच नातं. परत येताना पुन्हा मोजलं. पाच भरले.

दोन दिवसांनी बोट आली. फळी लावल्यावर मी सुभद्राबाईजवळ गेलो आणि म्हटलं, "तुम्ही पहिल्या चला. गर्दी व्हायच्या आत बसून घ्या."

ती म्हणाली, "मला आता घाई नाही, मास्तर. सगळ्यांना जाऊ दे."

ती शेवटी चढली. गोधडी तिने धुऊन, वाळवून घडी करून घेतली होती. माझ्याकडे एकदा वळून म्हणाली, "तुमच्या घरचे सगळे बरे आहेत ना? गिरगावात फार झालं म्हणतात." मी बरे आहेत म्हटलं. खरं तर मला तोवर काही कळलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं, की आमच्या चाळीत कुणाला काही झालेलं नाही. बायकोने दार उघडलं आणि विचारलं, "जेवलात का?"

'मंदाकिनी' परतल्यावर तिच्या पर्सरशी, म्हणजे बोटीवर उतारूंचे कागद सांभाळणाऱ्या माणसाशी, या प्रकाराबद्दल बोललो. फर्नांडिस नाव त्यांचं, गोव्याचे. आमची ओळख दहा वर्षांची, पण बोलणं फळीवरचं, कागद देण्याघेण्यापुरतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन नावांसाठी?" ते म्हणाले. "अरे, मला सांगायचं. एक लाइन मारायची, वर दुसरं नाव, बाजूला माझी सही. पोचलो की रत्नागिरीहून कचेरीला तार. आजारी माणूस असला की आम्ही नेहमी करतो."

"मला माहीत नव्हतं."

"तू कधी विचारलं नाहीस. तुझी यादी एवढी साफ असते, मला वाटायचं तुला खाडाखोड चालत नाही."

फर्नांडिस त्या सकाळी फळीच्या वरच्या टोकाला उभे होते. मी खालच्या टोकाला. मधे वीस पावलं असतील. आता मी विचारतो. त्यानंतरच्या मोसमांत माझ्या याद्यांत कितीतरी ओळी खोडलेल्या सापडतील, प्रत्येकीच्या बाजूला सही. त्या पाहून नवे साहेब नाक मुरडतात.

महिन्याभराने दाजी खिडकीशी आले. गावाहून परतले होते, कामावर रुजू झाले होते, मुद्दाम सुटीच्या दिवशी परळहून आले होते. रांगेत उभे राहून त्यांनी आपली पाळी येऊ दिली.

"मास्तर, तो हर्णैवालो," त्यांनी विचारलं, "पोचलो काय घराक?"

मी सांगितलं. दिवस, वेळ, शिवडी, सगळं. मला तसंच सांगता येतं.

दाजी खिडकीसमोरून हलले नाहीत. मागे माणसं होती, पण कुणी ढकललं नाही. मी विचारलं, "बारसं झालं का वेळेवर?"

"झाला. आमी नाय म्हणान थांबवल्यानी होता. आमी गेलंव तेव्हा केल्यानी." ते खिडकीच्या फळीवर हात ठेवून उभे होते. "आणखी चार दिवस थांबवल्यानी असता. पोराक काय, नाव नसला तरी दूध पिता."

मी मान हलवली.

"जागा माजी होती, मास्तर," ते म्हणाले. "तुमची नाय."

मी म्हटलं, "हो."

त्यांनी हात काढला आणि ते बाजूला झाले. मागचा माणूस पुढे सरकला. मी त्याला नाव विचारलं, मग वय, मग बंदर.